कॉलेजचे नाव की घरचा आधार?

दहावीचा निकाल लागला की बेळगावातील मराठी घरांत एकच विचारविनिमय सुरू होतो. मुलाला डॉक्टर करावयाचे तर पी.यू.साठी येथेच ठेवावे, की कोल्हापूर, लातूर वा थेट कोटा येथे धाडावे? आपण डॉक्टर मंडळीही यास अपवाद नाही; उलट इतर पालक सल्ल्यासाठी आपल्याकडेच येतात. म्हणून या प्रश्नाचा विचार ऐकीव गोष्टींवर नव्हे, तर नियमांच्या आधारे होणे अगत्याचे आहे.

एके काळी बारावीच्या गुणांवर प्रवेश ठरत, तेव्हा नामांकित महाविद्यालयामागे धावण्यास काही अर्थ होता. २०१६ पासून 'नीट' अनिवार्य झाली. २०२० पासून एम्स आणि जिपमर येथील प्रवेशही तिच्याच आधारे होऊ लागले. ७२० पैकी मिळालेले गुण हाच निकष. बारावीला खुल्या गटातील विद्यार्थ्यास भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात मिळून ५० टक्के गुण पात्रतेपुरते लागतात. गुणवत्ता यादीत कॉलेजच्या नावाला स्थान नाही.

महत्त्व आहे ते शिक्षण कोणत्या राज्यात झाले याला. राज्य शासनाच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या. कर्नाटकात या जागांसाठीचा मुख्य मार्ग म्हणजे राज्यात किमान सात वर्षे शिक्षण आणि दहावी किंवा बारावी येथूनच उत्तीर्ण होणे. महाराष्ट्रात मात्र अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही तेथूनच उत्तीर्ण असणे हा सर्वसाधारण नियम आहे. याचा अर्थ असा की, बेळगावात दहावी झालेला मुलगा केवळ दोन वर्षे कोल्हापुरास राहिल्याने महाराष्ट्राच्या जागांस पात्र होत नाही. सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांसाठी तेथे स्वतंत्र तरतूद आहे; पण तिच्या जागा मोजक्या, आणि तिचा आधार सीमाभागातील वास्तव्य व मातृभाषा हा आहे, कोल्हापुरातील वसतिगृह नव्हे. आपल्याच शहरातील, १९६३ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आज अभिमत विद्यापीठाचा भाग असल्याने तेथे देशभरातील विद्यार्थ्यांना अर्ज करता येतो.

मग बाहेर धाडून साधते काय? चांगले शिकवणी वर्ग आणि स्पर्धेचे वातावरण लाभते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु सोळाव्या वर्षी घर सुटते. जेवणाची, झोपेची आणि मनाची आबाळ होते. अनेक ठिकाणी नाव एका शाळेत आणि मूल दिवसभर शिकवणीत, असा प्रकार चालतो. २०२४ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने अशा व अन्य गैरप्रकारांबद्दल वीस शाळांची संलग्नता काढून घेतली. प्रयोगशाळेचे तोंड न पाहिलेला विद्यार्थी उद्या रुग्णास कसा तपासणार, हा प्रश्न आपण डॉक्टरांनी तरी विचारावयास हवा.

माझे मत स्पष्ट आहे. मुलाची स्वतःची ओढ असेल आणि त्याचे मन खंबीर असेल, तरच बाहेरचा विचार करावा. एरवी वर्ग नियमित भरणारे, प्रयोग करवून घेणारे जवळचे कॉलेज निवडावे आणि राष्ट्रीय अभ्यासक्रमाची पुस्तके नीट वाचून घ्यावीत. आपल्या मंडळातील सदस्यांनी आठवड्यातून एक तास जरी जीवशास्त्र शिकविण्यास दिला, तरी गावातील कितीतरी मुलांना घर सोडावे लागणार नाही.