शेतकऱ्याच्या घरचा शेगडा

बियाणें, खतें व औषधें यांविषयीं आमचे शेतकरी बंधु आतां पुष्कळ चौकस झाले आहेत. परंतु ज्या लोखंडावर सारी शेती चालते, त्याविषयीं ते अजून उदासीन आहेत, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं किर्लोस्करवाडी वसविली, त्या काळीं लोखंडी नांगरानें जमीन बिघडते अशी लोकांची समजूत होती. ती गेली, नांगर, पेरणीयंत्र, ट्रॅक्टर हीं दारांत आलीं. पण त्यांतील एक बोल्ट झिजला तरी तालुक्याची वाट धरावी लागते, आणि वाफसा कोणासाठीं थांबत नाहीं.

यावर उपाय म्हणून कित्येक तरुण एकदम वेल्डिंगचें यंत्र घेतात. कोणी लहान लेथही घेतात. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. प्रथम भक्कम मेज व त्यावर घट्ट बसविलेला शेगडा; मग कानशी, करवत, छिन्नी, पान्हे, सामता, आटे पाडण्याचीं हत्यारें व एक कॅलिपर. एवढें नीट वापरतां येऊं लागल्यावर यंत्राचा विचार करावा.

महसूल खात्यांत आयुष्य गेल्यामुळें आम्ही मापाविषयीं हट्टी आहों, असें कोणी म्हणेल. पण अर्ध्या इंचाचा जुना व्हिटवर्थ बोल्ट व १२ मि.मी.चा मेट्रिक बोल्ट पाहावे. डोळ्यांस दोन्ही सारखेच; परंतु पहिल्यास इंचांत १२ आटे, तर दुसऱ्याचे आटे १.७५ मि.मी. अंतरावर. एकाची चाकी दुसऱ्यावर जोरानें चढविली कीं दोहोंचे आटे जातात. नवे आटे पाडतांना व्यासांतून आट्यांचें अंतर वजा करावें, म्हणजे छिद्राचें माप मिळतें: १० मि.मी. व्यास व १.५ मि.मी. अंतर असल्यास छिद्र ८.५ मि.मी.चें.

दुसरी गोष्ट पोलादाची पारख. साध्या सळईची छिन्नी कितीही तापवून विझविली तरी कडक होत नाहीं, कारण तींत कार्बन अल्प असतो. ट्रकच्या जुन्या पाट्याचें पोलाद मात्र पाणी घेतें. लोहचुंबक चिकटेनासें झालें कीं किंचित् अधिक तापवून तेलांत विझवावें. तें तसेंच ठेवल्यास कांचेसारखें फुटतें. म्हणून घासून उजळून पुन्हां मंद आंचेवर धरावें. गवती पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग क्रमानें येतात. जांभळ्यावर थांबविलेली छिन्नी घाव सोसते.

ही विद्या गांवच्या लोहारापाशीं पिढ्यान्‌पिढ्या होती. बलुत्याची पद्धत मोडली आणि बहुतेक ठिकाणीं त्याचा भाता थंडावला. उरलेलें कामही त्याच्या हातून काढून घ्यावें, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. उलट योग्य मोबदला देऊन त्यासच आपल्या मुलांचा शिक्षक करावें. मोठें काम त्याच्याकडेच न्यावें.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. कानशीवर हातोडा मारूं नये, तिचे तुकडे उडतात. आणि छिन्नी चालवितांना डोळ्यांवर चष्मा असावा. गेलेला हंगाम पुढील वर्षीं येईल, गेलेला डोळा येणार नाहीं.

ट्रॅक्टरच्या किंमतीपुढें या साहित्याचा खर्च क्षुल्लक आहे. येत्या मृगापूर्वीं प्रत्येकानें घरीं शेगडा बसवावा, व ज्यास तें झेपत नाहीं त्यानें चार शेजाऱ्यांत मिळून एक घ्यावा, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंति आहे.