पार कोणाचा?

आमच्या वस्तीच्या तोंडाशी एक जुना पिंपळ आहे आणि त्याला दगडी पार होता. सकाळी त्या पारावर म्हातारी माणसे वर्तमानपत्र घेऊन बसत. एक जण मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. दुपारी हमाल आणि रिक्षावाले तेथेच डबा सोडीत. संध्याकाळी पाच वाजले की भाजीवाल्या बाया आपापल्या पाट्या घेऊन येत. त्यांत माझी आईही असे. रात्री जेवणे झाल्यावर तो पार आम्हा पोरांचा होई. गणपती, चौदा एप्रिल, लग्नाची हळद, कोणाच्या मयताची पाने, सारे काही त्या पिंपळाखालीच ठरे. 'सार्वजनिक जागा' हा शब्द तिच्याबद्दल कोणी कधी वापरल्याचे मला आठवत नाही. "पारावर आहे" एवढे म्हटले की पत्ता पुरा होई.

तीन वर्षांपूर्वी तिचे सुशोभीकरण झाले. दगडी पार गेला आणि गोल चौथरा आला. रंगीत फरश्या आल्या, मध्ये कारंजे आले, भोवती छातीएवढा लोखंडी कठडा आला, फाटक आले आणि उद्घाटनाची कोनशिला आली. कारंजे उद्घाटनाच्या दिवशी उडाले आणि पुढे आठवडाभर उडाले. फाटक उघडण्याच्या वेळा पाटीवर रंगविल्या आहेत. किल्ली कोणाकडे असते ते मात्र पाटीवर नाही. भाजीवाल्या हमरस्त्याच्या कडेला गेल्या. तेथे मालमोटारी अंगावरून गेल्यासारख्या जातात. म्हातारी माणसे बंद दुकानांच्या पायऱ्यांवर बसतात आणि दुकान उघडले की उठतात. जागा देखणी झाली आणि ओस पडली.

यात कोणाचा दुष्ट हेतू होता, असे मी म्हणत नाही. आमच्या वस्तीवर पैसा खर्च झाला, ही गोष्ट एरवी आनंदाचीच. पण ज्यांनी ही जागा आखली त्यांनी ती बहुधा सकाळी अकरा वाजता, मोकळी असताना, पाहिली असावी. संध्याकाळी पाच वाजता ते आले असते, तर तेथे काय हवे हे त्यांना न सांगता कळले असते. माझे म्हणणे एवढेच आहे की, जागेला जिवंतपणा येतो तो तिच्या वापरणाऱ्यांमुळे. म्हणून ती कशी असावी हे ठरविताना पहिला शब्द त्यांचा असला पाहिजे, आणि तो नकाशा तयार होण्याच्या आधी विचारला गेला पाहिजे.

समाजशास्त्राच्या तासाला आमच्या सरांनी विल्यम व्हाइट या अमेरिकन अभ्यासकाविषयी सांगितले होते. त्याने न्यूयॉर्कमधील छोट्या चौकांत कॅमेरे लावून माणसे कोठे थांबतात, कोठे बसतात, याचे कित्येक वर्षे निरीक्षण केले आणि १९८० साली त्यावर पुस्तक लिहिले. त्याचे निष्कर्ष ऐकून वर्गात हशा पिकला होता. जेथे बसायला जागा असते तेथे माणसे बसतात. जेथे माणसे असतात तेथे आणखी माणसे येतात. आणि खाण्याचे पदार्थ विकणारे असले की चौकात वर्दळ वाढते. हे तर माझ्या आईलाही ठाऊक आहे, असे मला त्या वेळी वाटले. आज वाटते की त्यातली खरी गोष्ट तीच आहे. आईला ते ठाऊक आहे, पण तिला कोणी विचारलेले नाही.

मुंबईचे शिवाजी पार्क पाहा. १९२५ साली हे मैदान लोकांना खुले झाले आणि १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या प्रयत्नाने त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. त्या मैदानाभोवतीचा कट्टा म्हणजे एक बुटकी भिंत. तिला ना कारंजे ना दिव्यांची रोषणाई. पण तिच्यावर कोणीही, केव्हाही, तिकीट न काढता बसू शकतो. कट्टा आणि कठडा या दोन शब्दांत अक्षराचाच काय तो फरक. पण एक माणसाला बसवितो आणि दुसरा त्याला बाहेर ठेवतो.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, जुने ते सोने, पार तेवढा परत बांधा. मला तसे म्हणता येत नाही. माझे आजोबा सांगत की गावाकडच्या पारावर त्यांना बसता येत नसे. शहरात आल्यावर ज्या पारावर ते पहिल्यांदा टेकले तो हाच, म्हणून त्यांचा त्याच्यावर जीव होता. तेव्हा 'गावाचा पार', 'गावाचा पाणवठा' म्हणताना गाव म्हणजे कोण, हे विचारलेच पाहिजे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे ठरावही केला. तळे कागदावर खुले झाले, पण पाण्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. नगरपालिकेने एखादी जागा सार्वजनिक म्हणणे आणि ती सार्वजनिक असणे यांत किती अंतर असू शकते, हे आपल्याला महाडने शिकविलेले आहे.

हा धडा मला स्वतःलाही गेल्या वर्षी नव्याने गिरवावा लागला. आमच्या शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. वडिलांनी हॉटेलातून पुडा बांधून आणलेला वर्तमानपत्राचा कागद माझ्यापुढे धरला. त्यावर हरकती व सूचना मागविणारी सूचना होती. "तू कॉलेजात जातोस ना? मग चल, वाचून सांग," म्हणाले. आमच्या घरात नकाशा वाचू शकेल असा मी पहिलाच. कार्यालयाच्या भिंतीवर तो लावला होता. पिवळे, हिरवे, निळे रंग, बारीक आकडे, सर्व्हे नंबर. मी अर्धा तास शोधले. आमची वस्ती सापडली, पिंपळ सापडला नाही. तो चौक म्हणजे रुंद होणाऱ्या रस्त्याची एक रेघ होती. वडील मागे उभे होते. "आपला पार कुठं आहे?" त्यांनी विचारले. "यात नाही," मी म्हणालो. त्या वेळी मला जी शरम वाटली ती नकाशाची की माझ्या शिक्षणाची, ते मला अजून सांगता येत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध करणे, ठरलेल्या मुदतीत लोकांच्या हरकती घेणे आणि त्यांवर नियोजन समितीपुढे सुनावणी देणे, या गोष्टी त्यात आहेत. म्हणजे दार आहे. पण ते नकाशा पुरा झाल्यावर उघडते आणि ज्याला नकाशा वाचता येतो त्यालाच दिसते. मैदानासाठी आरक्षण पडले तरी निश्चिंत होता येत नाही. दहा वर्षांत ती जमीन संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या मुदतीतही पालिका स्वस्थ बसली, तर आरक्षण आपोआप संपते. म्हणून लक्ष ठेवणारे डोळे वस्तीतच हवेत.

आम्ही हरकत लिहायला बसलो, तेव्हा पहिल्यांदा कळले की 'आम्ही' म्हणजे एक माणूस नव्हे. तरुण मंडळींना व्यायामाची साधने हवी होती. म्हाताऱ्यांना सावली आणि टेकायला पाठ हवी होती. आईला नळ, दिवा आणि पाट्या ठेवायला चार हात जागा हवी होती. माझी धाकटी बहीण कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आम्हाला कधी बसायला मिळालंय पारावर? संध्याकाळनंतर तुम्हीच असता तिथं." मी गप्प झालो. इतकी वर्षे मी ज्या पाराला साऱ्यांचा म्हणत होतो, तेथे रात्री एकही मुलगी नसते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. अखेर आमच्या अर्जात दिव्याची आणि पायऱ्यांची मागणी तिच्या शब्दांत गेली. अर्जावर एक्केचाळीस सह्या आणि एकोणीस अंगठे होते. सुनावणीत आम्हाला चार-पाच मिनिटे मिळाली. निर्णय अजून यायचा आहे.

"लोकांवर सोडले तर अतिक्रमणे होतील," असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच खोटा नाही. आमच्या वस्तीतही मोकळी जागा दिसली की कोणी दुचाक्या लावतो, कोणी टपरी टाकतो, कोणी देवळाची भिंत पुढे सरकवितो. पण हे घडते ते बहुधा अशा ठिकाणी की, जिची राखण करणे हे कोणालाच आपले काम वाटत नाही. ज्या जागेबद्दल सर्वांनी बसून ठरविले आहे, तेथे अतिक्रमण करणाऱ्याला दहा माणसे विचारतात. दुसरा आक्षेप असा की, नियोजन हे तज्ज्ञांचे काम आहे. ते आहेच. गटाराचा उतार कोठून काढायचा हे अभियंत्यालाच कळणार. पण शिंपी कितीही कुशल असला, तरी माप आपल्याच अंगाचे द्यावे लागते.

हे घडू शकते याचे दाखले आहेत. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोड आणि बँडस्टँड येथील समुद्रकाठचे फिरण्याचे रस्ते रहिवाशांच्या पुढाकाराने, वास्तुरचनाकार पी. के. दास यांच्या साहाय्याने झाले. मुंबईचा नवा विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हजारो नागरिकांनी चुका दाखवून दिल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो नव्याने करण्याचा आदेश द्यावा लागला आणि सुधारलेला आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये अर्थसंकल्पात नागरिकांना सहभागी करून घेण्यास आरंभ केला. पुणे महानगरपालिकाही २००६-०७ च्या सुमारापासून प्रभागातील लहान कामे नागरिकांकडून मागविते. मात्र वांद्र्याच्या रहिवाशाला वकील ओळखीचा असतो आणि कार्यालयात जायला सकाळ मोकळी असते. माझ्या आईने सकाळ मोकळी ठेवली तर त्या दिवशीची भाजी येत नाही. लोकसहभाग म्हणताना ही गोष्ट विसरली, की ज्यांना वेळ आहे त्यांचाच सहभाग होतो.

कायद्याने सोय मुळीच केली नाही, असे नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. आमचे शहर त्यात बसत नाही. २००९ मध्ये महाराष्ट्राने खेड्यातील ग्रामसभेसारखी शहरांसाठी क्षेत्र सभेची तरतूद केली. ती आमच्या भागात भरल्याचे मी तरी ऐकलेले नाही. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे तो सांगतो. आईला मी हे वाचून दाखविले. तिने विचारले, "मग आम्हाला का नाही बोलावलं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तेव्हा मागण्या फार मोठ्या नाहीत. कोणत्याही चौकाला, मैदानाला, पाराला हात लावण्यापूर्वी नगरपालिकेने त्या जागी, तिच्या वर्दळीच्या वेळी येऊन माणसांशी बोलावे. नकाशा कार्यालयाच्या भिंतीबरोबर वस्तीतही लावावा आणि तो साध्या मराठीत समजावून सांगणारा माणूस तेथे असावा. क्षेत्र सभा भरवाव्यात, त्याही संध्याकाळी, कामाची माणसे घरी आल्यावर. स्त्रियांना वेगळे विचारावे. आमच्या घरी तसे विचारले नसते, तर दिव्याची मागणी झालीच नसती.

आणि मित्रहो, एक काम आपलेही आहे. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे. दरवर्षी आपण शिबिराला जातो, रस्ता झाडतो, खड्डे खणून झाडे लावतो. एखाद्या वर्षी आपल्याच शहरातील मोकळ्या जागांची पाहणी का करू नये? कोणत्या जागी कोणत्या वेळी कोण बसते, कोण बसत नाही आणि का, एवढे जरी आपण वहीत टिपले, तरी पुढच्या हरकतीच्या वेळी एखाद्या वस्तीला रिकाम्या हाताने जावे लागणार नाही. भूगोलाच्या प्राध्यापकांनी आम्हाला नकाशा वाचायला शिकवावा, आम्ही तो आपापल्या आळीत नेऊन वाचू. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात आपण पहिलेच शिकलेले आहोत. आपल्या शिक्षणाचा उपयोग नोकरीच्या अर्जाला होईल तेव्हा होईल. हरकतीच्या अर्जाला तो आजच होण्यासारखा आहे.

आमच्या पिंपळाला पारंब्या नसतात, पण मुळे हट्टी असतात. गेल्या पावसाळ्यात त्याने रंगीत फरशीला तडा पाडला. आई म्हणते, त्याला जागा हवी आहे. आम्हालाही हवी आहे. फरक इतकाच की, आम्हाला ती तडा न पाडता, विचारून, ठरवून हवी आहे.