हौसेचं मोल कोण करणार?

पौष लागतो, पहाटे अंगणात सडा टाकताना बोटं आखडतात आणि दुपारी उन्हाला बसलेल्या बायकांमध्ये एकच विषय निघतो, यंदा वाण काय लुटायचं? मग बाजारात फेऱ्या सुरू होतात. प्लास्टिकचे डबे, चहाची गाळणी, साबणदाण्या, मोबाइल ठेवायचं स्टँड. गेल्या वर्षी जावेनं काय दिलं, समोरच्या वहिनींनी काय दिलं ते आठवायचं आणि त्याहून जरा वरचढ असं काहीतरी डझनाच्या भावानं उचलायचं. रथसप्तमीपर्यंत प्रत्येकीच्या माळ्यावर गाळण्यांची चळत तयार! चार आल्या, चार गेल्या. हिशेब बरोबर.

मैत्रिणींनो, उपयोगी वस्तू द्यावी हे मलाही मान्य आहे. पण थंडीतला हा एवढा मोठा सण, त्याचं सगळं वैभव मुळात बाईच्या हातचं. हलवा, तिळाच्या वड्या, रंगवलेली सुगडं, नव्या सुनेचे दागिने, बाळाचं बोरन्हाण, यातलं काहीच पूर्वी दुकानातून येत नव्हतं. आणि नेमकं हेच आपण ‘हौस’ म्हणून बाजूला काढतो. गाळणीचे पैसे मुकाट्यानं मोजतो आणि हातानं केलेल्या वस्तूला मात्र ‘घरी बसून तर करतेस’ म्हणतो. माझं भांडण आहे ते या वाक्याशी.

हलव्याचंच घ्या ना. एवढासा पांढरा काटेरी दाणा, तोंडात टाकला की संपला. पण तो होतो कसा, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच ठाऊक. तीळ, खसखस, साबुदाणा, लवंग, चारोळी असं काहीतरी आत असतं. कढई मंद आचेवर, शेजारी साखरेचा पाक. चमचाभर पाक सोडायचा आणि दाणे बोटांनी सारखे हलवत राहायचं. तो सुकला की पुढचा चमचा. घाई केली तर दाण्यांचे गोळे होतात, आच वाढली तर शुभ्र रंग जातो. हवा दमट असली तर काटा धरत नाही, कोरडी थंडी पडली की कसा भराभर फुलतो! म्हणून तर जाणत्या बाया भल्या पहाटे उठून कढई ठेवतात. हे काम एका बैठकीत होत नाही, दोन-तीन दिवस चालतं. पाकानं बोटांची टोकं भाजतात ती वेगळीच.

आणि हा झाला नुसता हलवा. दागिने अजून पुढेच आहेत. बारीक हलवा निवडायचा, एकसारख्या आकाराचा वेगळा काढायचा, मग दोऱ्यात गुंफून, सोनेरी जर लावून एकेक दागिना बांधायचा. हार, तन्मणी, बाजूबंद, कमरपट्टा, बिंदी. जावयासाठी हार आणि हातात धरायचा गुच्छ, बाळासाठी मुकुट आणि बासरी. हल्ली तर हलव्याचं घड्याळ आणि हलव्याचा मोबाइलसुद्धा मागतात म्हणे! करणाऱ्या तेही करून देतात. पण मग दारात उभं राहून आपण काय म्हणतो? “अहो मावशी, साखर काय भाव आहे ते आम्हालाही माहीत आहे. एवढे कसे सांगता?” साखरेचा भाव आपल्याला अगदी तोंडपाठ असतो. पहाटे चारला उठण्याचा भाव काढायचा मात्र कुणाला सुचत नाही. तोच हार शहरातल्या प्रदर्शनात काचेच्या पेटीत ठेवला, की आपणच दुप्पट पैसे देऊन वर कौतुक करतो.

यात आपल्याच घरातली गोष्टही येते बरं का. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीत आढळलं, की घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्या बिनपगारी कामात घालवतात. पुरुषांची मिनिटं ८८. म्हणजे आपण जवळजवळ पाच तास आणि ते दीड तासाच्या आतच. आधीच इतकं काम अंगावर असलेल्या बाईनं उरल्या वेळात विणलेलं तोरण किंवा शिवलेली पिशवी कुणी फुकट मागून नेली, तर तिनं ‘असू दे, हौस आहे’ म्हणावं, अशी आपल्याकडे रीत. पहिली पिशवी प्रेमानं द्यावी, जरूर द्यावी. पण पाचवी कुणी मागितली, की दोरा, कापड आणि आपले तास कागदावर मांडून आकडा सांगावा. लाज कसली त्यात?

आता घर सजवायचं म्हणाल, तर संक्रांतीइतकी सोपी आणि देखणी सजावट दुसऱ्या कुठल्याच सणाची नाही. कारण तिचे रंगच दोन, काळा आणि पांढरा. कपाटात एखादी काळी साडी असतेच. चंद्रकळा असेल तर सोन्याहून पिवळं. ती बैठकीच्या भिंतीवर चुण्या घालून टाचा. तिच्यावर पांढऱ्या कागदाचे छोटे छोटे पतंग किंवा हलव्याच्या दोन-चार माळा सोडल्या, की थर्मोकोलच्या मखराची आठवणसुद्धा येणार नाही. (तसंही आपल्या राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर आणि थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली, तरी सजावटीच्या नावाखाली पांढरे तुकडे अजून नाल्यात तरंगताना दिसतातच.) शेतात ज्वारी हुरड्यावर आलेली असते. दहा-बारा कणसं देठासकट सुतळीनं बांधली, की दाराला झकास तोरण. सुगडांना गेरूचा हात द्या, वाळली की तांदळाच्या पिठाच्या पाण्यानं काडीनं रेघा, ठिपके, सूर्य, जे येईल ते काढा. मुलांना बसवा या कामाला. वेडेवाकडे सूर्य जास्त छान दिसतात. सण झाल्यावर सुगडं फेकायची नाहीत. बुडाला भोक पाडून माती भरली, की खिडकीत कोथिंबीर उगवते.

वाणाचं म्हणाल, तर प्रत्येकीच्या घरात ओटीत आलेल्या ब्लाउजपीसचा गठ्ठा असतो. हा ब्लाउजपीस म्हणजे मोठा गमतीचा प्राणी. दुकानातून एकदाच बाहेर पडतो आणि मग जन्मभर या ओटीतून त्या ओटीत गावभर फिरतो, अंगाला कधी लागत नाही. त्याचा प्रवास थांबवा. एका ब्लाउजपीसमध्ये सहा-आठ छोटे बटवे आरामात होतात. तोंडाला नाडी, आत तिळगूळ आणि चिमूटभर मेथीचं किंवा पालकाचं बी. थंडीत दोन्ही जोमानं येतात. नोकरी करणाऱ्या म्हणतील, आम्हाला कुठला वेळ? खरंच आहे, नका करू. पण मग गाळणीच्या दुकानात न जाता गल्लीतल्या शिलाईवालीकडे जा. बचत गटाच्या बायकांना सांगा. मुंबईत ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनात गावोगावच्या बचत गटांचा माल लोक रांगा लावून घेतात, मग आपल्याच गावात त्यांना गिऱ्हाईक का नसावं?

आणि बैठक कशाची घालायची? चादरीची नको, गोधडीची घाला. आपल्याकडे पाहुणे यायचे म्हटले, की पहिली आत जाते ती गोधडी. झुळझुळीत ब्लँकेट बाहेर येतं आणि आजीच्या नऊवारीची, आईच्या मऊ झालेल्या पातळांची गोधडी कपाटात कोंबली जाते, जणू गरिबी दिसेल! अहो, बंगालच्या नक्षी कांथ्याला आणि बिहारच्या सुजनीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यासुद्धा जुन्या साड्या-धोतरांचे थर आणि वरून धावदोरा, यातूनच जन्मल्या. आपली गोधडी, वाकळ त्यांचीच बहीण. तिच्यात ऊब असते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेची. जुनं सुती कापड अंगाला टोचत नाही, म्हणून तर बाळंतिणीच्या खोलीत अजून दुपटं-गोधडीच लागते. ती बैठकीत अंथरा. बघा, आलेली प्रत्येक बाई तिच्यावर हात फिरवून विचारेल, ही साडी कुणाची हो?

बैठक घातली, आता तिच्यावर बसायला कोणाला बोलवायचं, हा प्रश्न राहतोच. माझ्या पाहण्यातल्या हलवा करणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या कित्येकजणी नवरा गेल्यावर या कामाला लागल्या. हेच काम घरात बसून करता येण्यासारखं, आणि मुलांची शिक्षणं त्यावरच झाली. त्यांच्या हातचे दागिने नव्या सुनेच्या गळ्यात चालतात. बाळाचा मुकुट त्यांनी बांधलेला चालतो. आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला त्यांनाच बोलावणं नसतं! ऑर्डर घेऊन मागच्या दारानं यायचं, पैसे घ्यायचे आणि बायका यायच्या आत निघायचं. हे मला कधीच पटलेलं नाही, आणि ‘रीत आहे’ हे उत्तरही पटत नाही.

रीत म्हणाल, तर जुनी रीत वेगळीसुद्धा होती. १८५२ सालच्या संक्रांतीला पुण्यात सावित्रीबाई फुल्यांच्या महिला सेवा मंडळानं तिळगुळाचा समारंभ केला. कोणत्याही जातीच्या, कोणत्याही धर्माच्या बायका आल्या तरी त्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल, असं त्याच्या निमंत्रणातच जाहीर केलेलं होतं. पावणेदोनशे वर्षं होत आली. अगदी अलीकडे, मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, असं गावानं ठरवलं. मग राज्य सरकारनंही परिपत्रक काढून इतर गावांना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. पण ठराव ग्रामपंचायतीत होतो आणि बोलावणं आपल्या उंबऱ्यातून जातं. ते कोणाकडे न्यायचं, हे ठरवायला कुठल्या परिपत्रकाची वाट बघायची?

सासूबाई काय म्हणतील, शेजारपाजारच्या काय म्हणतील, ही धास्ती मला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी एक-दोघी कुजबुजतात. ज्या घरांत हे सुरू झालंय तिथे मात्र पुढच्या वर्षी त्याच कुजबुजणाऱ्या आपल्या नणंदेला, विहीणबाईंना घेऊन आलेल्या मी पाहिल्यात. नाव हळदीकुंकू नको वाटत असेल तर तिळगूळ समारंभ म्हणा. अवघडलेपण आपलं असतं. दारात आलेल्या मावशींना फक्त “बसा ना, चहा घेऊन जा” हवं असतं.

यंदा घरात नवी सून किंवा बोरन्हाणाचं बाळ असेल, तर दागिन्यांची ऑर्डर नाताळच्या सुट्टीआधीच द्या. भाव एकदाच विचारा आणि निम्मे पैसे हातावर ठेवा, म्हणजे तिला साखर उधारीवर आणावी लागणार नाही. दागिने घरी आले, की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, मुंग्यांना बातमी फार लवकर लागते. आणि त्याच फेरीत आपल्या समारंभाचं बोलावणंही करून या. दिवस तिच्या सोयीनं धरा. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात तिला कढईवरून मान वर काढायला फुरसत नसते, त्यामुळे नंतरचा, रथसप्तमीच्या आतला एखादा शुक्रवार बरा.