हातोडा पडला म्हणजे न्याय झाला काय?

जुन्या नाण्यांच्या ऑनलाइन लिलावांचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानी पडतात. पहिले विकणाऱ्यांचे: "लिलावात आली तीच वाजवी किंमत, बोली लावण्याची सक्ती कोणावर नव्हती." दुसरे संग्राहकांचे: "भाव इतके चढले की हा छंद आता धनिकांचाच उरला." आमच्या मते ही दोन्ही वाक्ये मूळ प्रश्नाला बगल देतात. किंमत चढी असणे हा काही अन्याय नव्हे. आणि किंमत ठरली एवढ्याने न्याय झाला असेही नव्हे. ती कोणत्या रीतीने ठरली आणि ठरताना कोणाला काय ठाऊक होते, हे तपासल्याविना 'वाजवी' हा शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणालाच नाही.

उदाहरण म्हणून आपल्या शिवराईचेच घेऊ. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे मिरवणारे हे तांब्याचे नाणे. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाशी, म्हणजे १६७४ शी, त्याचे नाते जोडले जाते. पण त्याच धर्तीची नाणी पेशवाईअखेरपर्यंत निरनिराळ्या टांकसाळींत पडत राहिली. 'शिव', 'शीव', 'सिव' असे लेखनभेद, ठिपक्यांची वर्तुळे, मधल्या दोन रेघांमुळे 'दुदांडी' म्हणून ओळखला जाणारा प्रकार, असे तिचे अनेक भेद आहेत. हे भेद वेचून, तोलून, टिपून ठेवण्याचे काम पुष्कळ अंशी हौशी संग्राहकांनी स्वतःच्या तुटपुंज्या मिळकतीतून केले. म्हणून संग्राहकावरील अन्याय हा केवळ त्याच्या खिशाचा प्रश्न राहत नाही. तो इतिहासाच्या साधनांचाही प्रश्न होतो.

प्रथम एक कबुली देतो. पूर्वीचे दिवस सोन्याचे होते असे आम्ही म्हणणार नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा एखाद्या सराफाच्या पेढीवर नाण्याचा भाव विकणाऱ्याला माहीत असे आणि घेणाऱ्याला नसे. कधी उलटही घडे: मृत संग्राहकाच्या घरच्यांकडून जाणता व्यापारी डबाच्या डबा मोडीच्या भावाने उचलून नेई. ऑनलाइन लिलावांनी हा अंधार बराच हटवला. तालुक्याच्या गावी बसलेल्या शिक्षकाला लंडनच्या लिलावातील नाणे पाहता येते, मागील विक्रीचे आकडे चाळता येतात. हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आमची तक्रार अशी की एक अंधार हटवताना दुसरा निर्माण झाला, आणि त्याला मात्र पारदर्शकता म्हटले जाते.

बोलीचे यंत्र कसे चालते ते पाहा. बऱ्याच ठिकाणी आपण आपली कमाल रक्कम आधीच नोंदवून ठेवतो आणि यंत्र आपल्या वतीने गरजेपुरती बोली चढवते. समजा, एकाची मर्यादा ५,००० रुपये आणि दुसऱ्याची १२,००० रुपये. तर नाणे पाच हजारांच्या किंचित वर दुसऱ्याला मिळावे. मधे विकणाऱ्याच्याच माणसाने टोपणनावाने ११,००० ची बोली घातली, तर तेच नाणे त्याच गिऱ्हाइकाला अकरा हजारांच्या वर जाते. नाणे बदलले नाही, खरी मागणी बदलली नाही. सुमारे सहा हजार रुपये मात्र एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले. हा बनावट माणूस चुकून सर्वांच्या पुढे गेलाच, तर "त्यांनी माघार घेतली, तुमच्या रकमेला देतो" असा निरोप येतो. बोली लावणाऱ्यांची नावे झाकलेली असली की हे पकडणार कोण? त्याहून गंभीर गोष्ट अशी की आपली कमाल रक्कम ज्याच्या वहीत लिहिलेली आहे तो लिलावदारच काही ठिकाणी स्वतःच्या मालकीची नाणीही विकत असतो. पत्त्यांच्या डावात आपली पाने प्रतिस्पर्ध्याला दाखवून कोणी खेळायला बसेल काय?

यावर अर्थशास्त्राचा दाखला दिला जातो. विल्यम विक्रे यांनी १९६१ मध्येच दाखवून दिले की विजेत्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच रक्कम द्यायची असेल, तर प्रत्येकाने आपल्या मनातली खरी किंमत सांगणे हेच हिताचे. दाखला खरा आहे. पण तो लिलावदार प्रामाणिक आहे आणि वस्तूचे आपल्याला असलेले मोल आपल्यालाच नक्की ठाऊक आहे, हे गृहीत धरतो. नाण्याच्या बाबतीत दुसरी अटही पाळली जात नाही. नाणे अस्सल आहे की नाही, पुढे त्याला काय येईल, याचा अंदाज जो तो छायाचित्रावरून बांधतो. आणि अशा लिलावात बहुधा तोच जिंकतो ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकलेला असतो. जिंकणे हाच तोट्याचा पुरावा ठरावा, अशी ही विपरीत स्थिती आहे.

आमच्यापैकी एकाला हा अनुभव चांगलाच भोवला. एका विक्रेत्याकडील शिवराईचे छायाचित्र देखणे होते. वजन दिले नव्हते, कड दाखवली नव्हती. नाणे हाती आल्यावर कडेभोवती साच्याची बारीक शिवण दिसली. ठशांनी ठोकलेल्या नाण्याला अशी शिवण नसते. हे ओतलेले होते. विक्रेत्याचे उत्तर एका ओळीचे: "जसे आहे तसे विकले." लिलावाच्या नोंदीत मात्र ती विक्री आजही अस्सल शिवराईचा 'बाजारभाव' म्हणून उभी आहे, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तिचाच हवाला दिला जाईल. खोटी किंमत एकदाच फसवून थांबत नाही. ती पायंडा होऊन बसते.

आणि जाहीर होतो तो आकडा तरी कोणता? हातोड्याचा. धरा, तो १०,००० आहे. त्यावर लिलावदाराने घेणाऱ्याकडून १५ टक्के घेतले तर ११,५०० झाले. वर कर आणि टपाल वेगळे. विकणाऱ्याकडूनही दलाली कापली जातेच. म्हणजे घेणाऱ्याने दिले एक, विकणाऱ्याला मिळाले दुसरे आणि जगाला दिसले तिसरे. यांपैकी वाजवी कोणते, हे तरी सांगावे.

शेवटचा मुद्दा सर्वांत अप्रिय आहे, कारण तो आम्हा संग्राहकांवरच उलटतो. नांगराला लागलेला हंडा सापडणाऱ्याला कायदा काय देतो? १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास कलेक्टरला कळवावे लागते. सरकारने तो संपादन केल्यास हक्कदाराला धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. तांब्याच्या हंड्याचे असे कितीसे येणार? इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याने सापडणाऱ्याला बाजारभावाच्या हिशोबाने बक्षीस मिळते, म्हणून तो स्वतः होऊन पुढे येतो. आपल्याकडे तो रातोरात हंडा फोडतो, आणि नाणी गाव, शेत, सोबतची भांडी यांची कसलीही आठवण न ठेवता लिलावाच्या पडद्यावर उगवतात. कोठून आले, असे विचारण्याची तसदी आम्ही किती वेळा घेतली? स्वतःवरील अन्यायाचा हिशोब मागणाऱ्याने हा हिशोबही द्यायला हवा.

आमची मागणी भाव उतरवण्याची नाही. प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास आणि कडेचे छायाचित्र द्यावे. नाणे लिलावदाराच्या मालकीचे असेल तर तसे लिहावे. राखीव किंमत आहे की नाही ते सांगावे. पैसे न भरल्याने फिसकटलेल्या विक्री नोंदीतून वगळाव्यात आणि नाणे खोटे ठरल्यास पैसे परत करून ती नोंदही दुरुस्त करावी. मूळ ठावठिकाणा माहीत असेल तर लिहावा. नसेल तर 'अज्ञात' असे स्पष्ट लिहावे. यातील एकही गोष्ट खर्चिक नाही. जो लिलावदार एवढेही करणार नाही, त्याच्याकडे बोली न लावण्याचे स्वातंत्र्य आम्हा सर्वांना आहे. "सक्ती कोणावर नव्हती" हे त्यांचेच वाक्य आहे. ते एकदा त्यांच्यावरच उलटवून पाहायला काय हरकत आहे?