टाचेखालची पाचर

मराठीत ‘पाचर’ या शब्दाला फारशी बरी ख्याती नाही. जमत आलेल्या लग्नात कोणी तरी पाचर मारतो, मंजूर व्हायला आलेल्या कामात कोणी तरी पाचर मारतो. आणि अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातली पाचर उपटायला गेलेल्या पंचतंत्रातल्या माकडाची गत तर आपण सर्वांनी लहानपणीच वाचलेली. पण सुताराला विचारा. तो सांगेल, लाकूड फोडायला पाचर लागते तशी कुऱ्हाडीचा ढिला झालेला दांडा घट्ट बसवायलाही पाचरच लागते. वस्तू एकच, ती कुठे आणि किती ठोकायची, एवढाच काय तो प्रश्न.

हा शब्दविचार आज कशाला, असे या सदराचे वाचक विचारतील. (मराठीच्या प्राध्यापिकेला त्यासाठी कारण लागत नाही, असे आमच्या घरचे मत आहे.) पण या खेपेला कारण आहे. आमची कन्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गेल्या वर्षापासून ती दिवाणखान्यातला टीपॉय बाजूला सरकवून, खांद्यावर वजनाचा दांडा घेऊन बैठका मारते. श्रावणात एके दिवशी तिने मागणी केली, “आई, मला टाचेखाली घ्यायच्या वेजेस हव्यात. खाली बसताना टाचा उचलल्या जातात. नाही उचलू दिल्या तर पाठ वाकते.”

सासूबाई तेव्हा भिंतीशी उकिडव्या बसून डाळिंब्या सोलत होत्या. वय वर्षे ७४. दोन्ही पावले लादीला सपाट टेकलेली, पाठ सरळ. “टाचा उचलल्या जातात म्हणजे काय गं?” त्यांनी विचारले. टोमणा नव्हता हो त्यात. त्यांना खरोखरच कळले नव्हते.

याचे उत्तर घोट्यात आहे. आपण खाली बसतो तेव्हा शरीराचा भार पावलांच्या वरच राहायला हवा, नाही तर माणूस मागे कोलमडेल. त्यासाठी गुडघे पुढे जावे लागतात, आणि गुडघे पुढे जायचे तर नडगी घोट्यापाशी पुढे झुकावी लागते. घोटा आखडलेला असला, पोटरी ताठर असली, की नडगी अर्ध्यावरच अडते. मग एक तर टाच उचलली जाते, नाही तर तोल सांभाळायला धड पुढे वाकते. टाचेखाली उंची दिली की नडगीला तेवढा उतार फुकट मिळतो. पाठ बरीच सरळ राहते आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंना भरपूर काम पडते. वजने उचलणाऱ्या खेळाडूंच्या बुटांच्या टाचा कडक आणि साधारण २ सेंटिमीटर उंच असतात, त्या काही ऐटीसाठी नव्हेत. २०२१ साली टोकियोत मीराबाई चानू यांनी भारतासाठी रौप्यपदक मिळवले, तो खेळ अशाच बुटांवर उभा आहे.

आपल्या तालमींनी तर हा प्रश्न केव्हाच निकालात काढला होता. तालमीतली जुनी बैठक चवड्यांवर होते. खाली जाताना टाचा उचलायच्याच असतात. तेव्हा टाच उचलणे हा काही गुन्हा नव्हे. मात्र खांद्यावर दांडा घेऊन चवड्यांवर तोल सांभाळणे निराळे. तिथे टाचेला खाली काही तरी घट्ट लागते.

कन्येने आम्हा तिघींची परीक्षाच घेतली. ती तुम्हीही घरी घेऊ शकता, खर्च फुटपट्टीचा. भिंतीकडे तोंड करून एक पाऊल पुढे ठेवायचे आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. टेकला, की पाऊल थोडे मागे घ्यायचे. असे करीत टाच उचलल्याशिवाय गुडघा टेकेनासा होईपर्यंत जायचे, आणि शेवटच्या जमलेल्या जागी अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजायचे. १० सेंटिमीटरच्या आसपास आले तर घोटा मोकळा समजतात. कन्येचे ७ आले. माझे ५. सासूबाईंनी पदर खोचून गुडघा टेकवला तो १३ वर! “आता बोला,” असे त्या म्हणाल्या नाहीत, पण डाळिंब्यांचे पातेले उचलून आत जाताना चाल तशी होती.

यात नवल नाही. चूल, विळी, पाट, देशी संडास, अंगणातली रांगोळी, सगळे आयुष्य त्यांनी उकिडवे बसून काढले. आमच्या पिढीने ओटा उभा केला, जेवण टेबलावर नेले, संडासात कमोड आणला. त्यात वाईट काहीच नाही. ओट्याने माझ्या आईची पाठ वाचवली हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण घोटा वापरला नाही की आखडतो, मांडी वापरली नाही की झिजते, आणि चाळिशीनंतर ती झिजायला फार निमंत्रण लागत नाही.

मला स्वतःला हे लागले ते दुसऱ्याच एका कारणाने. गेल्या पावसाळ्यात मावशींचा, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचा, न्हाणीघरात पाय घसरला. मोडले काही नाही. पण त्यांना उठता येईना. घरी कोणी नव्हते. पायांत जोर नाही म्हणून त्या दीड तास ओल्या लादीवर बसून राहिल्या, शेजारणीने हाका ऐकेपर्यंत. मावशींना पन्नाशीपासून खाली बसायची सवय उरली नव्हती. खुर्ची, पलंग, पुन्हा खुर्ची. तेव्हापासून, जमिनीवरून आपले आपण उठता येणे ही माझ्या लेखी पेन्शनइतकीच महत्त्वाची बाब झाली आहे. कन्येच्या पाचरींत मी माझाही वाटा मागितला.

आता खरेदीकडे वळू. पण त्याआधी एक फुकटचा प्रयोग. दोन्ही टाचांखाली दोनएक सेंटिमीटर जाडीची लाकडी फळी घेऊन, खिडकीचे गज धरून बसून पाहा. (पुस्तके घेऊ नका. घसरतात, शिवाय माझ्यासमोर घेऊ नका.) बैठक एकदम सुधारली तर अडचण घोट्यात आहे आणि पाचरीचा उपयोग होईल. काहीच फरक पडला नाही, तर अडचण खुब्यात किंवा मांडीच्या जोरात आहे, आणि मग पाचर ही नुसतीच अडगळ.

बाजारात तऱ्हा पुष्कळ. फोमच्या पाचरी हलक्या, रंगीत आणि स्वस्त. पण पाय दिला की दबतात, आणि डाव्या-उजव्या सारख्याच दबतील असा भरवसा नाही. वजन घेऊन बैठक मारणाऱ्याने त्या सोडून द्याव्यात. रबराच्या टणक पाचरी चांगल्या. काहींत एकावर एक थर चढवून उंची वाढवता येते, फक्त थर एकमेकांत पक्के अडकतात की नुसतेच बसतात हे पाहावे. तिसरी तऱ्हा लाकडी फळीची. एका बाजूला बिजागरी, खाली टेकू, आणि टेकू अडकवायला खाचा, अगदी आपल्या जुन्या आरामखुर्चीसारख्या. खाच बदलली की उतार बदलतो. आरामखुर्चीत बोट चेमटलेल्यांना ही रचना वेगळी समजावून सांगायला नको. टेकू खाचेत खोल बसतो की नाही, आणि फळीच्या चारही कोपऱ्यांवर दाब दिला असता ती डुगडुगते का, एवढे दुकानातच पाहून घ्यावे. घरच्या गुळगुळीत लाद्यांवर खालून रबर असल्याशिवाय काहीही ठेवू नये. वरचा पृष्ठभाग पॉलिशकागदासारखा खरखरीत असतो. अनवाणी पायाला तो बोचतो, पण घामाने पाय सटकण्यापेक्षा बोचलेला बरा.

एकच रुंद फळी घ्यावी की दोन सुट्या? दोन सुट्या. एका फळीवर दोन्ही पावले कोंबून उभे राहावे लागते, आणि प्रत्येकाच्या खुब्याची ठेवण निराळी. कोणाला पावले फाकवून, चवडे थोडे बाहेर वळवूनच नीट बसता येते. सुट्या फळ्यांना तेवढी मोकळीक असते. मात्र दोन्हींची खाच रोज मोजून सारखी करावी. आणि ‘इतके किलो पेलते’ असे लिहिलेले असते ते एका फळीचे की जोडीचे, हे विचारून घ्यावे. एका पायावर व्यायाम करताना सगळा भार एकीवरच येतो.

अंशांच्या आकड्यांवर मात्र विक्रेत्याचे फार ऐकू नये. २४ सेंटिमीटरचे पूर्ण पाऊल फळीवर असेल, तर १० अंशांना टाच बोटांच्या टोकापेक्षा सुमारे ४ सेंटिमीटर वर जाते, १५ अंशांना ६ आणि २० अंशांना ८ हून जास्त. पण नुसत्या टाचेखाली बसणाऱ्या १० सेंटिमीटर लांबीच्या २० अंशी पाचरीची उंची साडेतीनच सेंटिमीटर भरते, आणि चवडा जमिनीवर असल्याने पावलाचा कल त्या २० अंशांहून बराच कमी राहतो. आकडा तोच, गोष्ट वेगळी. तेव्हा लांबी आणि उंची विचारावी.

आणि माझा मुख्य आग्रह असा, की सगळ्यात वरची खाच किती अंशांची हे विचारूच नका. सगळ्यात खालची किती, ते विचारा. दुकानदार ३० अंशांची महती सांगतो. एवढ्या उतारावर गुडघा फार पुढे जातो आणि गुडघ्याच्या वाटीवर भार वाढतो. ज्याचा गुडघा आधीच कुरकुरतो, त्याने तर डॉक्टरांना विचारल्यावाचून तिथे जाऊच नये. आपल्याला हवी ती टाच जमिनीवर ठेवून, पाठ न वाकवता बसता येईल इतकीच उंची, आणि पुढे जमेल तशी ती कमी करता यायला हवी. काही फळ्यांची पहिली खाचच १५ अंशांची असते. तिथून पुढे उतरायचे कुठे? ५ किंवा १० अंशांपासून सुरुवात आणि मधल्या पायऱ्या बारीक, अशी फळी थोडी महाग पडली तरी घ्यावी. सुताराकडून निरनिराळ्या उंचीच्या दोन-तीन जोड्या करून घेतल्या तरी चालतील. आमच्या शेजाऱ्यांनी तेच केले.

नुसत्या पाचरीवर उभे राहून घोटा मोकळा होत नाही, हेही सांगून ठेवते. त्यासाठी तीच फळी उलटी फिरवायची: चवडे उंचावर, टाचा खाली, आणि भिंतीला हात टेकून उभे राहायचे. पोटरी ताणली जाते. पाऊलभर लांबीची फळी घेण्याचा हा आणखी एक फायदा. नुसत्या टाचेच्या पाचरीवर हे जमत नाही. तरीही काहींच्या मांडीचे हाड लांब किंवा घोट्याची ठेवणच अशी असते, की थोडी उंची कायमच लागते. लागू द्यावी. चश्मा लागणाऱ्याला आपण आळशी म्हणत नाही.

कन्या १५ अंशांवरून १० वर आली आहे. मी वजन घेत नाही. गज धरून आठवड्यातून तीन दिवस, दहा-दहाच्या दोन खेपा, आणि १५ वरच आहे. सासूबाईंनी फळीकडे पाहून पहिल्या दिवशी “पाटाला कुणी पाचर मारली?” असे विचारले होते. परवा पाहिले तर त्यातली एक फळी त्यांच्या खोलीत, तिसऱ्या खाचेवर, आणि वर पोथी. “अक्षरं बरोबर डोळ्यांसमोर येतात गं,” त्या म्हणाल्या. त्यामुळे सध्या सकाळी साडेआठपर्यंत, म्हणजे त्यांचे वाचन संपेपर्यंत, आमच्या घरी बैठका होत नाहीत.