शोधणाऱ्याच्या भाषेत लिहा!

पैसे देऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. १९२० सालची ही गोष्ट चळवळीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. तेव्हा छापखाना त्यांचा, वर्तमानपत्र त्यांचे, वाचकही त्यांचेच. आज तसा अडवणारा दारात उभा नाही. मोबाईलवर संकेतस्थळ काढता येते, लेख टाकता येतो. मग आमचा साधा प्रश्न आहे : अडवणारा नसतानाही आंबेडकरी लेखन गरजू माणसापर्यंत का पोहोचत नाही?

वर्धा जिल्ह्याचेच बघू. समुद्रपूर किंवा कारंजा तालुक्यातली एखादी मुलगी बारावी पास होते. पुढच्या शिक्षणासाठी वर्ध्याला किंवा नागपूरला जायचे आहे, पण शासकीय वसतिगृहात नंबर लागलेला नाही. ती फोनमध्ये काय लिहील? "होस्टेल नाही मिळाले तर स्वाधारचे पैसे मिळतात का?" किंवा "बौद्ध असल्यावर जातीचा दाखला कोणता काढायचा?" हे खरे प्रश्न आहेत आणि त्यांच्या उत्तरावर तिचे एक वर्ष अवलंबून आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्यासाठी थेट खात्यात रक्कम देणारी योजना बाबासाहेबांच्या नावाने आहे. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांना केंद्राच्या सवलतींचे दार उघडले. हे सगळे आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असते. पण त्यांच्या लेखाचे शीर्षक असते, 'सामाजिक न्यायाच्या परिप्रेक्ष्यात शासकीय योजनांचे चिकित्सक अवलोकन'. जगातली कोणती मुलगी हे शब्द लिहून शोधणार आहे?

ती जागा रिकामी राहत नाही. तिथे धंदेवाले येऊन बसतात. एकच वाक्य शब्द फिरवून आठ वेळा लिहायचे, मधे जाहिराती कोंबायच्या, गेल्या वर्षीच्या तारखेवर या वर्षीचा शिक्का मारायचा. मुलगी वाचून वाचून थकते आणि शेवटी फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात जाऊन पैसे मोजते. एप्रिल आला की हीच मंडळी 'भीम जयंती स्टेटस मराठी, भीम जयंती शुभेच्छा मराठी, भीम जयंती फोटो मराठी' अशी शब्दांची माळ लावतात आणि बाबासाहेबांच्या नावावर वाटेल ती वाक्ये खपवतात. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी दिलेल्या तीन शब्दांच्या संदेशाचा क्रमसुद्धा इंटरनेटवर वेगवेगळा सापडतो. महाराष्ट्र शासन १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढत आहे. त्यातले पान क्रमांक देऊन किती जण लिहितात?

काही तरुणांना वाटते की गूगलला हीच शब्दांची माळ आवडते, म्हणून आपणही तेच करावे. हा गैरसमज आहे. पानावर एक शब्द किती वेळा आला हे मोजण्याचा काळ मागे पडला. २०११ मध्ये गूगलने 'पांडा' नावाचा बदल आणला तो उथळ, उचललेल्या पानांना खाली ढकलण्यासाठीच. २०१९ च्या अखेरीस वाक्यातल्या शब्दांचा परस्परसंबंध ओळखणारी 'बर्ट' ही पद्धत मराठीसह सत्तरहून अधिक भाषांसाठी लागू झाली. धंदेवाल्यांची पाने अजूनही वर दिसतात ही गोष्ट खरी. पण त्याचे एक कारण हेही आहे की त्या प्रश्नाचे नीट उत्तर मराठीत दुसऱ्या कोणी लिहिलेलेच नसते.

तेव्हा सहज, नैसर्गिक भाषेत लिहिणे म्हणजे यंत्राला फसवण्याची युक्ती नव्हे. आपल्या परंपरेत ती फार जुनी भूमिका आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् भाषेत बसवण्याची परवानगी मागितली, तेव्हा तथागतांनी ती नाकारली आणि लोकांच्या आपापल्या बोलीतच धम्म सांगायला लावला, असे विनयपिटक सांगते. ऐकणाऱ्याची भाषा हीच धम्माची भाषा. मग शोधणाऱ्याची भाषा आपल्या लेखाची भाषा का होऊ नये?

यासाठी एजन्सीला पैसे द्यायची गरज नाही. शीर्षकात लोक विचारतात तो प्रश्न लिहा आणि पहिल्या परिच्छेदातच त्याचे उत्तर द्या. इतिहास आणि विश्लेषण त्याच्या खाली येऊ द्या. योजनेचे सरकारी नाव आणि लोकांच्या तोंडचे नाव, दोन्ही एकदा तरी यावीत. 'शिष्यवृत्ती', 'शिष्यवृत्तीसाठी', 'शिष्यवृत्तीचा' ही रूपे ओघात येतात तशी येऊ द्या, मूळ शब्द जसाच्या तसा कोंबू नका. शीर्षकात पाच-सहा बिरुदे लावली तर विषयाचा शब्द येण्याआधीच शोधाच्या यादीत ओळ कापली जाते. बाबासाहेबांचा आदर मजकुराच्या अचूकपणातून दिसू द्या. माहिती पोस्टरवर छापून फोटो टाकला की ती शोधात सहजासहजी सापडत नाही, म्हणून फोटोखाली तोच मजकूर टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणा. 'येथे क्लिक करा' असे न लिहिता दुवा कशाचा आहे ते लिहा, आणि एकमेकांच्या चांगल्या पानांना दुवे द्या. दुव्यांना मताचे वजन देऊनच गूगलची सुरुवात झाली होती. पान शेवटचे कधी तपासले ती तारीख आणि शासन निर्णयाचा आधार असल्याशिवाय काहीही प्रसिद्ध करू नका.

यावर आपल्यातलेच काही मित्र म्हणतील, सर्च इंजिन भांडवलदारांचे आहे, त्याच्यासाठी आपण का लिहावे? आक्षेप पोकळ नाही. अमेरिकेतल्या सफिया नोबल यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले आहे की काळ्या मुलींविषयी शोध घेतला असता गूगल किती अपमानास्पद निकाल पुढे करत होते. यंत्र तटस्थ नसते, जातीच्या समाजात तर नाहीच. पण महाडचे चवदार तळेही आपण खोदलेले नव्हते, तरी १९२७ मध्ये त्याच्या पाण्यावर हक्क सांगितला. फरक एवढाच की तळे सार्वजनिक होते आणि हे दुकान खासगी आहे. म्हणून त्यावर विसंबून राहू नये. तोच मजकूर विहाराच्या फळ्यावर लावावा, पत्रक काढून वाटावा. मात्र दुकान त्यांचे म्हणून आपल्या मुलीचा प्रश्न अनुत्तरित ठेवणे हा कोणता क्रांतिकारी बाणा?

वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी विहारात, वसतिगृहात बसून मुलामुलींना खरोखर पडलेले पाच प्रश्न त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावेत आणि प्रत्येक प्रश्नावर एक नीट पान लिहावे. चाळीस पाने होतील. दरवर्षी जूनपूर्वी ती तपासावीत. एवढे काम कोणत्याही निधीवाचून होण्यासारखे आहे. 'मूकनायक' हे नाव ज्यांच्यासाठी घेतले होते, ती माणसे आज मुकी राहिलेली नाहीत. ती रोज प्रश्न विचारत आहेत. उत्तर देणाऱ्यांनी आता त्यांच्या भाषेत बोलायला हवे.

जय भीम!