सुतक नसलेला शोक
अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेला ‘अमान्य शोक’, म्हणजे ज्याला समाज शोक मानत नाही आणि म्हणून ज्यात कोणी सांत्वनालाही येत नाही असे दुःख, अकाली गर्भपात झालेल्या स्त्रीच्या वाट्याला हमखास येते. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने तिच्यासाठी ६ आठवड्यांच्या भरपगारी रजेची तरतूद केली, परंतु घरात ‘पुन्हा दिवस राहतील’ एवढ्यावरच विषय मिटतो आणि कपाटात घडी घालून ठेवलेले दुपटे तिला एकटीलाच दिसत राहते. त्या बाळासाठी योजलेले नाव तिला उच्चारू द्यावे आणि पतीच्याही डोळ्यांतले पाणी ओळखावे, कारण एवढ्याने दुःख सरत नसले तरी त्या दुःखाचे एकाकीपण निश्चितच ओसरते.